‘गेट’चे अर्थ मोजू नका, त्याच्या पुढचा शब्द बघा

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, आणि आता कांदोळीच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. एका पाहुण्याला तिने वायफाय कसं जोडायचं ते सांगितलं आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. तो म्हणाला, ‘सॉरी, आय डोन्ट गेट इट.’ तिला वाटलं, चिठ्ठी त्याला मिळालेली नाही. तिने दुसरी लिहून दिली. तो पुन्हा तेच म्हणाला, तिने तिसरी दिली. शेवटी बाजूच्या सहकाऱ्याने सांगितलं, अगं, त्याला कळत नाहीये, चिठ्ठ्या काय देतेस! त्या रात्री तिने शब्दकोश उघडला, ‘गेट’चे तीसेक अर्थ वहीत उतरवले, दहा पाठ केले आणि तिथेच अडली. तिचे मुख्य प्रश्न दोन आहेत. एका एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ आले कुठून? आणि ते लक्षात ठेवायचे कसे?

(इथे गेट म्हणजे फाटक नव्हे, क्रियापद. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यांचं एकमेकांशी नातं नाही.)

मी फोंड्याला उच्च माध्यमिकच्या मुलांना २७ वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि संध्याकाळी भाषांतराची कामं करते. या दोन्ही कामांत ज्या एका शब्दाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो हाच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ही की तुमची अडचण अर्थ जास्त असण्याची नाही. ‘गेट म्हणजे मिळणे’ हे पाचवीत कधीतरी पक्कं झालं, आणि तेव्हापासून प्रत्येक वाक्यात तुमचं मन ‘मिळणे’ शोधतं. ते सापडलं नाही की गाडी थांबते. त्यावर आणखी एकोणतीस अर्थ पाठ करणं हा उपाय होऊच शकत नाही, कारण समोरचा माणूस बोलत असताना तीस अर्थांची यादी चाळायला कुणाला वेळ असतो? इंग्रजीत असे शब्द बरेच आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या एकट्या शब्दाचे ४३० अर्थ नोंदवले होते. पुढे ‘रन’वर काम झालं तेव्हा त्याच्या क्रियापदाचेच ६४५ निघाले. जन्माने इंग्रज असलेल्या माणसालाही हे अर्थ पाठ नसतात. त्याच्याकडे यादी नसते, शब्दाचा अंदाज असतो.

आणि असा अंदाज तुमच्याकडेही आहे, तोही अस्सल. फक्त तो दुसऱ्या एका शब्दाचा आहे.

मी सुरुवातीलाच लिहिलं, ‘संदर्भ लागेल’. तुम्हाला तिथे क्षणभर तरी अडखळायला झालं का? नाही ना. आता बघा. भूक लागते. ठेच लागते. नोकरी लागते. वेळ लागतो. आग लागते. चहाला साखर लागते. वाळपईला जाताना वाटेत होंडा लागतं. बाळाचा डोळा लागतो. आंबा गोड लागतो. पाऊस पडू लागतो. मनाविरुद्ध जावं लागतं. ‘ती माझी मावशी लागते.’ आणि पडल्यावर आपण म्हणतो, ‘मला लागलं.’ कुणी तुम्हाला ‘लागणे’चे अर्थ पाठ करायला दिले होते का? १८५७ च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द काढून बघा, अर्थांची रांग संपता संपत नाही. तरी आपल्याला तो एकच शब्द वाटतो, कारण आतून तो एकच आहे. संस्कृतमधला ‘लग्’ म्हणजे चिकटणे, भिडणे. भूक अंगाला येऊन भिडते, गाव वाटेला भिडतं, मावशी नात्याने जोडलेली असते, ‘लग्न’ हा शब्दही तिथलाच. आपण व्याख्या केलेली नसते, पण ते भिडणं आपल्याला जाणवत असतं.

कल्पना करा, १५७९ साली गोव्यात उतरलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री आपली भाषा शिकतोय. पुढे तो दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला आणि मराठी ओवीत त्याने आख्खं पुराण रचलं. त्याच्यापुढे भूक लागणं, ठेच लागणं, डोळा लागणं एकामागून एक येत गेलं असणार, आणि त्याने ते आत्मसात केलं. तुम्ही तीच वाट उलट्या बाजूने चालताय.

तेव्हा ‘गेट’च्या पोटात कोणती एक हालचाल आहे ते शोधायचं. त्यासाठी त्याचं कूळ बघावं लागतं.

‘गेट’ हा मुळात इंग्रजांच्या घरचा शब्द नाही. आठव्या शतकाच्या शेवटी, ७९३ मध्ये, उत्तरेकडच्या समुद्री लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला, आणि नंतर पाऊणशे वर्षांनी त्यांच्या फौजा तिथे राहायलाच आल्या. इंग्लंडचा उत्तर आणि पूर्व भाग त्यांच्या ताब्यात गेला. व्हिटबी, ग्रिम्सबी अशी ज्या गावांची नावं ‘बी’ने संपतात त्यांतला तो ‘बी’ त्यांच्याच भाषेतला, अर्थ गाव. लुटालूट थांबल्यावर मात्र ही माणसं शेजारी झाली, शेती करू लागली, सोयरिकी झाल्या. त्यांची नॉर्स भाषा आणि तेव्हाची इंग्रजी इतक्या जवळच्या होत्या की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची आठवण व्हावी. विकणारी कोंकणीत भाव सांगते, घेणारा मराठीत घासाघीस करतो, आणि सौदा होतो. कुणी कुणाची भाषा शिकायला जात नाही, पण वर्षानुवर्षं असं चाललं की शब्द इकडचे तिकडे होतात.

नॉर्समधला ‘गेता’ इंग्रजीत आला तो असा. लिखाणात तो साधारण १२०० च्या सुमाराला दिसू लागतो. त्याचे मूळ अर्थ हाती लागणे, मिळवणे, पोचणे. इंग्रजीत त्याचा भाऊबंद आधीपासून होता, पण एकटा नव्हे, जोडशब्दांतच. ‘फॉरगेट’ हा त्यातलाच. तिथला ‘फॉर’ म्हणजे दूर, गमावून. हातात होतं ते निसटलं, म्हणजे विसरलं. ‘बिगेट’ म्हणजे जन्म देणे हाही तसाच. तुमच्या शेजारी ख्रिस्ती घर असेल तर जुन्या इंग्रजी बायबलमधली ती वंशावळ ऐकली असेल, अमक्याने तमक्याला ‘बिगॅट’, तमक्याने पुढच्याला ‘बिगॅट’. तो याच घराण्यातला. ‘गेस’ म्हणजे अंदाज करणे हाही बहुधा याच कुळातला, कारण नॉर्स ‘गेता’चा एक अर्थ अंदाज बांधणे असाही होता. जे हाताने धरता येत नाही ते मनाने धरून बघायचं.

उच्चाराचं कोडंही इथेच सुटतं. मुलं मला विचारतात, ‘जेम’, ‘जर्म’ यांत ‘जी’ अक्षराचा ज होतो, मग ‘गेट’, ‘गिव्ह’मध्ये ग कसा? जवाले शब्द लॅटिन-फ्रेंचकडून आले. जुन्या अस्सल इंग्रजीत अशा जागी ग मऊ होऊन य झाला होता. ‘यिअर’, ‘यार्ड’, ‘येस्टरडे’ यांत आज आपण जो य म्हणतो तो पूर्वी ‘जी’ने लिहीत. नॉर्समध्ये मात्र ग कडकच राहिला, म्हणून ‘गेट’ आणि ‘गिव्ह’ आजही कडक ग घेऊन उभे आहेत. तुमच्या रोजच्या तोंडातल्या ‘गेस्ट’ या शब्दावरही नॉर्सचाच हात फिरलेला आहे. आणि हे तुम्हाला आवडेल: ‘गेस्ट’ आणि ‘हॉटेल’ हे फार मागे गेलं तर एकाच मुळाचे निघतात. ‘हॉस्पिटल’सुद्धा.

शेजाऱ्याकडून नामं घेणं सोपं असतं. आपण पोर्तुगीजांकडून चावी घेतली, बटाटा घेतला, पाव, पगार, लिलाव घेतला. पण क्रियापद बनवायची वेळ आली की ‘लिलाव करणे’, ‘पगार देणे’, म्हणजे काम आपल्याच क्रियापदाने केलं. गोव्यात साडेचारशे वर्षं राहूनही त्यांचं ‘घेणे’, ‘देणे’ आपल्या तोंडी बसलं नाही. इंग्रजांनी मात्र नॉर्सकडून ‘गेट’ घेतला, ‘टेक’ घेतला, एवढंच काय, ‘ते’ या अर्थाचा ‘दे’ हा सर्वनामाचा शब्दही घेतला. ‘टेक’च्या आधी इंग्रजीत ‘निमन’ असं घरचं क्रियापद होतं, ते मेलं. त्याची एक खूण तेवढी उरली आहे: ‘नम’ म्हणजे बधिर, मूळ अर्थ ‘धरलेला, घेतलेला’. ही देवाणघेवाण किती सावकाश झाली बघा. इंग्लंडमध्ये छपाई आणणाऱ्या कॅक्स्टनने १४९० मध्ये एक हकिगत लिहून ठेवली आहे. थेम्सवरून परदेशी निघालेले काही व्यापारी वाऱ्याअभावी किनाऱ्याला थांबले. त्यांतल्या एकाने एका घरी जाऊन अंडी मागितली, शब्द वापरला ‘एग्ज’. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण त्यालाही येत नव्हतं. दुसऱ्याने ‘एयरन’ म्हटल्यावर तिला कळलं. ‘एग’ नॉर्सकडून आलेला, ‘एयरन’ घरचा. ती इंग्रज बाई स्वतःच्या देशातल्या शब्दाला परका समजली. तुम्ही चिठ्ठीवर चिठ्ठी लिहीत होतात तेव्हा अगदी हेच घडत होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणखी एक पायरी मागे जाऊ, कारण ती गोव्याच्या माणसाला फार जवळची आहे. ‘गेट’चं सगळ्यात जुनं मूळ आहे धरणे, पकडणे. तेच मूळ लॅटिनमध्ये ‘प्रेहेन्देरे’ या रूपात आहे. लॅटिनचा द तो इंग्रजी-नॉर्सकडे ट होतो, जसा आपला ‘दंत’ त्यांचा ‘टूथ’ आणि आपले ‘द्वि’, ‘दश’ त्यांचे ‘टू’, ‘टेन’. माझे सासरे पोर्तुगीज अमदानीत ‘सेगुंद ग्राव’पर्यंत, म्हणजे प्राथमिक शिक्षणाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत, शिकलेले होते. मी एकदा वर्गाची तयारी करत ओट्यावर बसले होते. ते शेजारी सुपारी कातरत होते. मी हे मूळ मोठ्याने वाचलं तशी अडकित्ता थांबला. म्हणाले, ‘प्रेंदेर म्हणजे पोलिसांनी धरणं. आणि शिकणं म्हणजे आप्रेंदेर. ते एकच काय गं?’ एकच. पोर्तुगीजमध्ये धरणं, शिकणं, समजणं, तिन्ही त्या एका ‘प्रेंदेर’वर उभी आहेत. इंग्रजीत ‘प्रिझन’, ‘अप्रेन्टिस’, ‘सरप्राइज’, ‘कॉम्प्रिहेन्ड’ हे सगळे त्याच घरचे. तेव्हा तुमचा पाहुणा ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणाला तेव्हा त्याच्या मनात ‘ते माझ्या पकडीत येत नाही’ असंच होतं. आपणही ‘ग्रहण करणे’ म्हणतो, ‘आकलन’ म्हणतो, आणि दोन्हींचा मूळ अर्थ हाताने धरण्याचाच.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण दरवर्षी कुणीतरी मला तो शोध म्हणून सांगतं. ‘गेट’ आणि ‘घेणे’ कानाला सारखे लागतात, पण ते भाऊ नाहीत. ‘घेणे’ संस्कृत ‘गृह्णाति’वरून प्राकृतातून आलं आहे. इंग्रजीत त्याचा दूरचा नातेवाईक शोधायचा तर ‘ग्रॅब’.

‘गेट’ला भावार्थाने सगळ्यात जवळचा शब्द मला माहेरी सापडला. माझं माहेर आरोंद्याचं, तेरेखोल नदीच्या काठचं. तिथे खाडीच्या काठी गळ टाकून बसलेल्या माणसाला जाणारा-येणारा विचारतो, ‘काय गावला?’ मासा गावतो, हरवलेली वस्तू गावते, चोर गावतो, बाजारात नारळ गावतात. ‘गावणे’मध्ये पकडणं, सापडणं आणि मिळणं अजून एकमेकांपासून वेगळी झालेली नाहीत. नॉर्स ‘गेता’ नेमका असा होता. पुढे इंग्रजांनी तो पायात आणि मनातही घातला. हाती लागणं, मग जागेला पोचणं, मग एखाद्या अवस्थेला पोचणं. ‘गेट वेट’ म्हणजे ओलेपणाला पोचणं, म्हणजे भिजणं. ‘गेट ओल्ड’ म्हणजे म्हातारपणाला पोचणं. ‘आधी नव्हतं, आता आहे’ ही ती एक हालचाल. ती लक्षात आली की उरतो एवढाच प्रश्न, काय नव्हतं आणि काय झालं? त्याचं उत्तर ‘गेट’मध्ये नसतंच. ते पुढच्या शब्दात असतं.

हे मी वर्गात शिकवायचा प्रयत्न बरीच वर्षं केला. पण खरं बसलं ते फेरीबोटीवर. एका वर्षी अकरावीच्या मुलांना घेऊन चोडणच्या पक्षी अभयारण्यात चालले होते. रायबंदरच्या धक्क्यावर उभे असताना मी सांगितलं, आता पलीकडे पोचेपर्यंत मी फक्त ‘गेट’ची वाक्यं बोलणार, तुम्ही मराठीत सांगायचं. बोट लागली. (बघा, पुन्हा ‘लागली’.) ‘गेट ऑन!’ चढा. एक मुलगा पिशवी धक्क्यावरच विसरला होता. ‘गेट युवर बॅग.’ घेऊन ये. मांडवीच्या मध्यावर ऊन चढलं, ‘इट्स गेटिंग हॉट.’ तापायला लागलंय. एक मुलगी कठड्यावर फार वाकली, तिला म्हटलं, ‘यू विल गेट वेट.’ भिजशील. मग ‘वी आर गेटिंग क्लोज’, जवळ आलो. ‘गेट ऑफ’, उतरा. पलीकडे गेल्यावर, ‘वी गॉट हिअर इन टाइम’, वेळेत पोचलो. एकाही वाक्यात कुणी अडलं नाही आणि एकदाही कुणी ‘मिळणे’ म्हटलं नाही. पुढे बॅग आली की आणणं, ‘हॉट’सारखं विशेषण आलं की होणं, जागा आली की पोचणं. हे त्यांना मला सांगावं लागलंच नाही.

तिथेच एकाने चांगला प्रश्न विचारला. फेरीबोटीला ‘गेट ऑन’, मग मघाशी रिक्षाला ‘गेट इन’ का? माझं उत्तर असं की जिच्यात तुम्ही उभे राहून चालू शकता तिला ‘ऑन’: कदंबा (गोव्याची सरकारी बस), फेरीबोट, आगगाडी, विमान. जिच्यात वाकून शिरून बसावं लागतं तिला ‘इन’: मोटार, रिक्षा. किनाऱ्यावरची छोटी होडी बोटच असली तरी तिला ‘इन’. नियम शंभर टक्के नाही, पण तुमच्या पाहुण्यांना टॅक्सीत बसवताना आणि बस दाखवताना पुरेल.

आतापर्यंतचं एका दमात: वस्तू पुढे आली की मिळणं किंवा आणणं (‘गेट सम ब्रेड’ म्हणजे पाववाल्या पदेराकडून पाव घेऊन ये), विशेषण आलं की होणं, जागा किंवा दिशा आली की पोचणं, सरकणं, आणि वस्तूच्या जागी नुसतं ‘इट’, ‘जोक’ किंवा ‘पॉइंट’ असेल तर बहुतेक वेळा कळणं. रोजच्या बोलण्यातलं बरंचसं एवढ्यात निभतं.

आता जे निभत नाही ते. इथे मात्र वेळ द्या, कारण चुकलं तर माणसाचं नुकसान होऊ शकतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनं भाषांतर तपासायला आलं. एका कामगाराच्या अपघाताची नुकसानभरपाईची बाब होती. मूळ इंग्रजी जबाबात वाक्य होतं, ‘ही गॉट हिज हॅन्ड कॉट इन द मशीन.’ आधीच्या भाषांतरात लिहिलं होतं, ‘त्याने आपला हात यंत्रात अडकवून घेतला.’ कामगाराची बायको कागद घेऊन आली होती. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘कोण मुद्दाम आपला हात घालील?’ तिचं बरोबर होतं. इंग्रजी वाक्यात दोष त्याच्यावर नव्हता, मराठीत तो आला. मी तिथे ‘त्याचा हात यंत्रात अडकला’ असं केलं.

चूक कुठून झाली ते बघा. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणजे मी केस कापून घेतले. इथे ‘घेतले’ अगदी योग्य, कारण मी ते करवलं. ‘शी गॉट हर पर्स स्टोलन’ हे वाक्य बांधणीने हुबेहूब तसंच आहे, पण तिने पर्स चोरवून घेतलेली नाही, ती चोरीला गेली. इंग्रजीला ही दोन्ही एकाच साच्यात चालतात. मराठीला चालत नाहीत, मराठी लगेच विचारते की हे कुणाच्या मनाने झालं? म्हणून असं वाक्य ऐकलं की मी स्वतःला तेच विचारते: त्या माणसाला ते हवं होतं का? हवं असेल तर ‘करून घेतलं’. नको असेल तर ‘झालं’, ‘गेलं’, ‘अडकलं’. तुमच्या काउंटरवर कुणी पर्स चोरीला गेल्याचं या शब्दांत सांगायला आलं, तर हा फरक त्याच्यासाठी फार मोलाचा आहे.

हेच मराठीचं बारीक लक्ष ‘आय गॉट अ जॉब’मध्येही दिसतं. नोकरी लागली, नोकरी मिळाली, नोकरी मिळवली. तिन्हींना इंग्रजीत ‘गॉट’ पुरतं. आपल्याकडे सरकारी नोकरी ‘लागते’, जणू ती येऊन चिकटते, आणि धडपड करून घेतलेली ‘मिळवली’ जाते. तुम्ही तुमची कुठली समजता त्यावर शब्द ठरेल. आणखी एक, इंग्रजीत कर्ता ‘आय’ असतो, मराठीत बहुधा ‘मला’. ‘मला कळलं’, ‘मला लागलं’, ‘मला मिळालं’. म्हणून बोलताना आपल्याकडून ‘टू मी’ निसटतं. ‘आय गॉट हर्ट’ हे ‘मला लागलं’चं सरळ इंग्रजी, हे एक वाक्य तोंडात बसवा, बाकीची त्याच्या मागे येतील.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पाहुणा इंग्लंडचा आहे की अमेरिकेचा यावर एक रूप बदलतं. इंग्लंडचा माणूस ‘हॅव गॉट’ म्हणतो, अमेरिकन बऱ्याचदा ‘हॅव गॉटन’. ‘गॉटन’ चूक नाही, ते जुनंच रूप आहे. पूर्वी इंग्लंडमध्येही होतं, तिथे मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. इंग्रजांच्या ‘फॉरगॉटन’मध्ये ते आजही बसलेलं आहे. अमेरिकन माणूस दोन्ही वापरतो आणि फरक करतो. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे मोटार आहे. ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी मोटार मिळवली, घेतली. तुम्ही यांपैकी कुठलंही एक धरा, पण ऐकताना दोन्ही ओळखा. आणि ‘आय हॅव गॉट अ रिझर्व्हेशन’ म्हणणाऱ्याला ‘कधी मिळालं?’ विचारू नका. शेकडो वर्षांपूर्वी त्याचा अर्थ ‘मिळवलं आहे’ असाच होता, आता तो नुसता ‘आहे’ उरला आहे. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावं लागेल, इथे तर मराठीतही ‘लागणे’च येतं.

शाळेत ‘गॉट लिहू नका’ असं सांगतात, ते पाळायचं का, हेही तुम्ही शेवटी विचारलं आहे. मी स्वतः मुलांच्या निबंधात तो शब्द खोडत नाही, पण जागा बघते. ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अराइव्ह’ हे फ्रेंच-लॅटिनकडून आलेले, कागदावरचे शब्द. ‘गेट’ शेजाऱ्याकडून आलेला, घरातला. आपल्याकडे ‘पत्र मिळालं’ आणि ‘पत्र प्राप्त झाले’ यांत जो फरक आहे तोच. पाहुण्याला ईमेल लिहिताना ‘वी हॅव रिसीव्हड युवर पेमेंट’ लिहा. काउंटरवर तेच ‘येस, वी गॉट इट’ म्हणा. उलट केलंत तर ईमेल उथळ वाटेल आणि बोलणं ताठ.

वहीतली तीस अर्थांची यादी बाजूला ठेवा. फाडू नका, कधी शंका आली तर बघायला होईल. एक नवं पान घ्या आणि दिवसभरात कानावर पडलेलं ‘गेट’चं एकच वाक्य ड्यूटी संपल्यावर लिहा, पूर्ण, जसं ऐकलं तसं, आणि त्याच्या पुढच्या शब्दाखाली रेघ मारा. अर्थ लिहू नका. बाजूला फक्त त्या जागी तुमच्या आईने घरी काय म्हटलं असतं ते लिहा, मराठीत किंवा कोंकणीत, जे पहिलं तोंडात येईल ते. आणि पुढच्या वेळी कुणी ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणालं तर पेन खाली ठेवून, ‘लेट मी शो यू’ म्हणत त्याचा फोन मागा.

आठवड्याची सात वाक्यं झाली की इथेच टाका. कुठलं अडलं असेल तर त्यावर मी वेगळं लिहीन.